आकाशातून तारू, जवळून दरड

पूर्व तुर्कस्तानात दोउबायझितला उतरणारे बहुतेक लोक अरारात चढायला आलेले असतात, नाहीतर पुढे इराणकडे निघालेले. आम्ही तिसऱ्या, अगदीच छोट्या गटातले होतो: एका विमानफोटोमुळे प्रसिद्ध झालेलं ‘नोहाचं तारू’, म्हणजे बायबलमधल्या प्रलयात नोहा ज्यात तरला ती नाव, बघायला आलेले.

तो फोटो 1959 सालचा. तुर्की सैन्यातले कॅप्टन इल्हान दुरुपिनार नकाशांसाठी काढलेले हवाई फोटो तपासत होते. त्यात इराण सीमेजवळच्या एका उतारावर नावेसारखा, दोन्ही टोकांना निमुळता आकार त्यांना दिसला. फोटो अमेरिकेत आर्थर ब्रँडनबर्गर या तज्ज्ञाकडे गेले. एकाच जागेचे दोन ठिकाणांहून टिपलेले फोटो एकत्र पाहिले की उंच-सखल भाग उठून दिसतो. तसं पाहून त्यांनीही हे काहीतरी वेगळं आहे असं म्हटलं. 1960 मध्ये एक तुकडी थेट तिथे पोहोचली. खणलं, सुरुंगही लावला. निघाली माती आणि दगड.

इथेच प्रकरण मिटायला हवं होतं. पण 1977 पासून रॉन वायट या हौशी शोधकाने ते पुन्हा उचललं, आणि ऐंशीच्या दशकात जमिनीखाली बघणारं रडार, म्हणजे जीपीआर, तिथे फिरलं. हे यंत्र रेडिओलहरी जमिनीत सोडतं आणि खालच्या थरांवरून परत येणारे पडसाद टिपतं. थर बदलला, ओल बदलली, दगड आला, की पडसाद येतो. तो लाकडाचा, भिंतीचा की नुसत्या खडकाचा हे यंत्र सांगत नाही, आणि चिकणमातीत तर लहरी फार खोल जातच नाहीत. म्हणून स्क्रीनवर ‘सरळ रेषा’ दिसल्या की मी आधी विचारतो: मग तिथे खणलं का?

इथे निदान भोकं तरी पाडली गेली. भूभौतिकतज्ज्ञ जॉन बॉमगार्डनर हे बायबलमधला प्रलय अक्षरशः खरा मानणारे, म्हणजे तारू सापडलं असतं तर सर्वांत आनंद त्यांनाच झाला असता. 1988 मध्ये त्यांनी इथले नमुने काढले आणि ही नैसर्गिक रचना आहे असं मत दिलं. वायटचे एकेकाळचे साथीदार डेव्हिड फासोल्ड यांनी 1996 मध्ये भूशास्त्रज्ञ लॉरेन्स कॉलिन्स यांच्यासोबत तोच निष्कर्ष छापला. अलीकडे नव्याने रडार फिरवल्याच्या आणि मातीचे नमुने घेतल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या जरूर वाचा, फक्त वरचा प्रश्न जवळ ठेवून.

मापांची गंमत वेगळीच. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात तारू तीनशे हात लांब आहे. नेहमीचा हात धरला तर 135-140 मीटर होतात. इथला आकार 160 मीटरच्या थोडा वर जातो. मग समर्थक इजिप्तचा राजहात घेतात, तो लांब असतो. हात लांबवला की तारू बसतं!

मग जायचं कशाला? तर डोळ्यांना वळण लावायला. टॅक्सी इराणच्या महामार्गावरून दक्षिणेला उझेंगिली गावाकडे वळते. दोउबायझितहून अर्धा-पाऊण तास धरा. उतारावर छोटं अभ्यागत केंद्र आहे, ते उघडं असेलच असं नाही. तिथून खाली पाहिलं की पहिली मिनिटं नावच दिसते, खोटं कशाला बोलू. चालक म्हणाला, “वडिलांनी दाखवलं तेव्हापासून हे तारूच आहे.” वाद घातला नाही. पण नंतर नजर नावेवरून काढून आजूबाजूला फिरवा. अख्खा उतार घसरलेला आहे. मातीचा लोंढा खाली येताना मधल्या कठीण खडकाला वळसा घालून दोन्ही अंगांनी वाहिलाय. माळीण, तळीये, इर्शाळवाडीचे फोटो पाहिलेल्या मराठी माणसाला हे वाचायला फारसं शिकवावं लागू नये.

वेळ सकाळची किंवा उन्हं कलतानाची निवडा. तिरप्या उजेडात कडा उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट होतं. अराराताचं शिखरही (5137 मीटर) सकाळीच मोकळं असण्याची शक्यता जास्त. निघण्यापूर्वी गूगल अर्थवर 39.44 उत्तर, 44.23 पूर्व ही जागा काढून कॅमेरा तिरका करून फिरवा. जमलं तर अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांचे 1960 ते 1972 दरम्यानचे फोटोही पाहा. ते 1995 मध्ये खुले झाले. उत्तर मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराक-सीरियाच्या भागातल्या, प्राचीन वस्त्यांमधून निघणाऱ्या पायवाटा संशोधकांनी याच फोटोंवर ओळखल्या, त्यातल्या कित्येक आज नांगराखाली गेल्यात. दूरसंवेदनाची, म्हणजे दुरून जमीन वाचण्याची, खरी कमाई अशी असते, तारवापेक्षा फार कमी नाट्यमय.

व्यवहाराचं. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा वा निवास परवाना असेल तरच मिळतो. नसेल तर स्टिकर व्हिसासाठी हाताशी भरपूर वेळ ठेवून अर्ज करा. इस्तंबूलहून आग्री, इगदिर किंवा व्हानला विमान, पुढे डोलमुश, म्हणजे आपली वडाप. सीमाभाग असल्याने जंदार्माची, म्हणजे निमलष्करी पोलिसांची, तपासणी होऊ शकते, पासपोर्ट मूळच जवळ हवा. ड्रोन घरी ठेवा. रोख लिरा बाळगा, परतीसह भाडं आधी ठरवा, चालकाला थांबवून ठेवा. तिथे दुसरी गाडी मिळणं कठीण. जून ते सप्टेंबर ठीक, थंडीत बर्फ. शाकाहारींना मसुराचं सूप, चीजचा पिदे (भाजलेली भरली रोटी) आणि रोटी यांवर निभतं. मांस खाणाऱ्यांनी कुटलेल्या मांसाचा अब्दिगोर कोफ्ता सोडू नये.

उरलेला दिवस इशाक पाशाच्या महालाला द्या. 1685 मध्ये सुरू झालेलं बांधकाम 1784 मध्ये पुरं झालं, आणि त्याच्या सज्जातून दिसणारं मैदान तारवापेक्षा जास्त वेळ धरून ठेवतं. जवळच कुर्दी कवी अहमद-ए-खानी यांची कबर आहे.

आणि तारवाच्या जागांची यादी वाढवायची असेल तर लक्षात ठेवा: उत्पत्तीत ‘अरारात पर्वत’ अनेकवचनी आहेत, म्हणजे प्रदेश, एक शिखर नव्हे. कुराणात तारू जूदीवर टेकतं, आणि त्या नावाने ओळखला जाणारा एक डोंगर दक्षिणेला शर्नाक प्रांतात, पार सीरिया-इराकच्या सीमेकडे आहे. तिकडे जायचं तर सुरक्षेची स्थिती निघायच्या आठवड्यात तपासा, महिनाभर आधीची माहिती चालणार नाही.