जाताना लागतो, येताना नाही

आमच्या गाडीला चौदावं वर्ष लागलं आणि मीटरमधला एक लाल दिवा मला छळायला लागला. गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. लागायचा आणि मी बायकोला दाखवेपर्यंत विझायचा. कायमचा पेटलेला दिवा परवडला, माणूस निमूट गाडी बाजूला घेतो. याने मला घरात खोटं पाडलं.

हा दिवा आमच्या गाडीत दोन कामं करतो. हँडब्रेक ओढलेला असला तरी लागतो आणि ब्रेक ऑईल कमी झालं तरी लागतो. मी अर्थातच स्वस्तातलं कारण धरलं आणि महिनाभर हँडब्रेकची दांडी खाली दाबत फिरलो. मग एका गॅरेजने हँडब्रेकचा स्विच बदलून दिला. पुढच्याच शनिवारी साताऱ्याला सासरी जाताना दिवा पुन्हा हजर.

तेव्हा माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. गाडीतले बिघाड मोबाईलवर दाखवणारा ब्लूटूथचा स्कॅनर मागवला, स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचला आणि मोबाईलकडे बघत बसलो. निकाल आला, एकही फॉल्ट कोड नाही. गाडी ठणठणीत. दिवा लुकलुकतोच आहे!

बायकोचा स्कॅनरवर विश्वास नव्हता, माझ्यावर तर त्याहून नव्हता. फास्टॅग येण्याआधीच्या खेड-शिवापूर आणि आनेवाडीच्या टोलपावत्या ग्लोव्ह बॉक्समध्ये कोंबलेल्या होत्या. त्यातल्या एका पावतीच्या मागे तिने नोंदी सुरू केल्या. तीन फेऱ्यांनंतर म्हणाली, "हा जाताना लागतो, येताना नाही." मी हसलो. गाडीला काय माहीत आपण माहेरी चाललोय की सासरी?

साताऱ्यात तिच्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेकॅनिक आहे. तिला तो ताई म्हणतो, त्यामुळे मी आपोआप दाजी. मी स्कॅनरचं पुराण लावलं, तर त्याने हात वर केला. "दाजी, का लागतोय ते ऱ्हाऊ द्या. कधी लागतोय ते सांगा."

ताईने पावती पुढे केली. त्याने ती तेलकट बोटांनी धरून दोनदा वाचली. "खंबाटकीत लागतोय की. जाताना तुम्ही घाट चढून येताय, परतताना बोगद्यातनं जाताय."

बॉनेट उघडलं. ब्रेक ऑईलच्या पांढऱ्या डबीत पातळी खालच्या रेघेला टेकलेली. डबीत एक तरंगता तुकडा असतो, तो खाली बसला की स्विच जुळतो आणि दिवा लागतो. सपाट रस्त्यावर तो कसाबसा तग धरून होता. चढावर तिरक्या झालेल्या गाडीने वळण घेतलं की तेल डबीच्या एका कुशीला जायचं आणि तुकडा क्षणभर तळाला टेकायचा. वळण संपलं, दिवा विझला. आमच्या गाडीत या स्विचची वायर डबीतून थेट मीटरला जाते, इंजिनच्या कॉम्प्युटरला तिचा पत्ताच नसतो. बिचारा स्कॅनर काय सांगणार?

"मग ओता की थोडं तेल," मी सुटकेचा श्वास टाकत म्हणालो.

त्याने माझ्याकडे जावयाकडे बघू नये तसं बघितलं. गळती कुठेच नव्हती, मग तेल गेलं कुठे? त्याने पुढचं चाक काढलं. ब्रेकचा पॅड, म्हणजे चाकाच्या तबकडीला घासून गाडी थांबवणारा तुकडा, झिजून बिस्किटाएवढा पातळ झाला होता. पॅड जसा झिजतो तसा त्याला दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्या मागची रिकामी जागा भरायला तेल डबीतून खाली उतरतं. वरून ओतलं असतं तर दिवा गप्प बसला असता आणि पॅड झिजतच राहिले असते. "लाल दिवा घेऊन महिनाभर कोण फिरतं का, दाजी?" एवढंच बोलला, पण सासूबाईंना ऐकू जाईल असं.

नवे पॅड बसवताना त्याने पिस्टन मागे दाबले आणि मी डबीकडे बघत राहिलो. एक थेंबही न ओतता तेल वर चढत गेलं आणि वरच्या रेघेपाशी येऊन थांबलं. आदल्या आठवड्यात मी शहाणपणाने डबी भरली असती, तर आता ते तेल उतू जाऊन बॉनेटखालच्या रंगावर सांडलं असतं. ब्रेक ऑईल रंग खातं.

परवा मुसळधार पावसात एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला आणि विझला. या वेळी तिनेही बघितला. काही बोलली नाही. ग्लोव्ह बॉक्समधून मागून कोरी असलेली एक पावती काढली आणि पेन शोधायला लागली.