34 किलोचा घड

दोन वर्षांपूर्वी रावेर तालुक्यात आबांच्या मृगबागेत, म्हणजे मृगात लावलेल्या केळीत, आम्ही सुमारे 400 घड काट्यावर तोलले. त्यातली सगळ्यात भारी दहा खोडं हेरली, लाल दोरी बांधली. सगळ्यात मोठा घड 34 किलोचा. "रक्तातच हाये तिच्या," आबा म्हणाले. संख्याशास्त्राची पदवी माझी, तरी मान मीच डोलावली.

पुढच्या मृगात या दहांचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेली पिलं, आणि त्याच बागेतले साधे मुनवे एकाच शेतात लावले. एक शहाणपण केलं: कोणता मुनवा कुठल्या खड्ड्यात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. परवा काटणी झाली.

दुपारी तीनपर्यंत वहीतले दोन्ही रकाने जवळजवळ सारखे भरले. निवडक कोण आणि साधे कोण, वही झाकली तर सांगता आलं नसतं. 34 किलोवालीची लेकरंही चारचौघींसारखीच. मी दोनदा बेरीज केली. हमाल हसले.

जुना नकाशा उघडला, तर दहापैकी सात खोडं बांधाकडच्या ओळीतली. एका बाजूनं मोकळं ऊन. आबांनी बोट ठेवलं: "इथं तर आमचा उकिरडा व्हता!" हे दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर?

डेन्मार्कच्या योहानसेननं 1903 सालीच घेवड्यावर दाखवलं होतं, की शुद्ध वाणातले मोठे दाणे निवडून पुढची पिढी मोठी होत नाही. मुनवा तर आईचंच अंग. क्वचित एखादा खरोखर बदलतो. थॉमसन सीडलेस द्राक्षातून सांगलीकडे तास-ए-गणेश हा वाण असाच हाती लागला. पण तो ओळखायचा तर एकच क्लोन, म्हणजे एकाच झाडाची हुबेहूब रोपं, अनेक जागी लावावा लागतो, आणि मोजलेलं वजन सरासरीकडे ओढून घ्यावं लागतं. फरकातला पाचवाच हिस्सा वंशाचा असेल, तर सरासरीहून 10 किलो भारी घडाच्या मुनव्याकडून 2 किलोचीच आशा धरायची. अमेरिकेच्या हेंडरसननं ही रीत पैदाशीच्या वळूंच्या निवडीसाठी बसवली, द्राक्षाच्या क्लोनलाही ती लागते. मी परीक्षेत ती लिहिली होती, पण बागेत विसरले.

आता तीन शेतांत पुन्हा लावणार आहोत. बांधाकडच्या दोन ओळी मोजायच्याच नाहीत, असं ठरलं.

"मग त्या घडाईचं काय, ताई?" आबांनी विचारलं. "व्यापाऱ्याले सांगू का, हे हिशोबात नाहीत म्हणून?"