तुम्ही विचारलंत म्हणून: कंदुरीला मटण किती सांगायचं?

आखाड लागला की फोन सुरू होतात. "मावशी, पन्नास माणूस आहे, मटण किती सांगू?" श्रावणाच्या आत ज्याला त्याला नवसाची कंदुरी, म्हणजे बोकड कापून घालायचं जेवण, उरकायची असते.

आधी आकडा सांगते. घरात १० माणसं जेवणार असतील तर २ ते अडीच किलो. शेतात पंगती उठणार असतील तर ६ माणसांमागं १ किलो, म्हणजे ५० जणांना साडेआठ-नऊ. बेताच्या बोट्या केल्या तर किलोत तीस-पस्तीस निघतात, ताटात पाच येतात. कमी वाटतील. पण कंदुरीचं पोट भरतं ते शेरव्यात चुरलेल्या भाकरीनं. म्हणून किलोमागं २ लिटर पाणी आणि मूठभर येसूर. भाजलेल्या ज्वारीचा आणि डाळीचा येसूर शेरव्याला अंग देतो. नुसतं पाणी वाढवलं तर पहिल्या घासालाच कळतं.

माणसं मोजताना माळकरी आधी वजा करा. त्यांची चूल वेगळी, पळीसुद्धा वेगळी. लेकरं दोन मिळून एक धरा, त्यांच्यासाठी तिखट पडायच्या आधी आळणी काढून ठेवा. कामावरचा गडी मात्र दीड माणूस धरायचा. भाकरीचं पीठ किलोला आठ-नऊ भाकरी या हिशोबानं, आणि जवान माणसाला तीन भाकरी लागतातच.

बोकड उभा घेणार असाल तर डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. आमच्याकडचा उस्मानाबादी बोकड काळाभोर, उंच, दिसायला भरलेला. पण २५ किलोच्या बोकडाचं हाडासकट मटण ११-१२ किलोच पडतं. मुंडी, पाय, वजडी वेगळी. शिजल्यावर ते आणखी आटतं, किलोचं पाऊण होतं. विकणारा जिवंत वजन सांगतो आणि घेणारा तेवढंच ताटात येईल असं धरून बसतो. बहुतेक फजिती इथंच होते.

आमच्याही घरी झाली. भावाच्या पोराची कंदुरी होती, बोकड असाच २५ किलोचा. ७० माणसं धरली होती, जेवली शंभरावर. आवतण एकाला दिलं की तो दोघं घेऊन येतो, त्यात वाईट काही नाही, कंदुरीला आलेल्याला परत पाठवत नाहीत. चूक वाढण्यात झाली. पहिल्या पंगतीला पाहुणे, सोयरे, गावातली मोठी माणसं. वाढप्यांनी हात सैल सोडला, एकेका ताटात आठ-आठ, दहा-दहा बोट्या. शेवटच्या पंगतीला पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या बाया आणि सालगडी बसले, तेव्हा भगुण्यात तळाला हाडं राहिली होती. आईच्या ताटात एक बोटी नव्हती. मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, "मला शेरवाच ग्वाड लागतो."

तो तिला गोड लागत नव्हता. तिला कलेजी आवडायची, नळी आवडायची. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यात मीही आलेच.

तेव्हापासून मी माणसं शेवटच्या पंगतीपासून मोजते. चुलीवर किती बाया आहेत, पाणी कोण आणतंय, लाकडं कोण फोडतंय, ही नावं आधी. मग पाहुणे. ५० जणांत अशी १२ माणसं असतील तर मटण शिजल्याबरोबर, पहिलं ताट मांडायच्या आत, त्यांच्या साठ-सत्तर बोट्या लहान भगुण्यात काढायच्या. कलेजी आणि नळ्या त्यातच, वरून शेरवा, झाकण, आणि भगुणं आरावर ठेवायचं.

माणसं अचानक वाढली तर मोठ्या भगुण्यात उकळतं पाणी आणि येसूर घाला, भात आणखी टाका, वाढप्याला तीनच बोट्या वाढायला सांगा. लहान भगुण्याजवळ भावजय बसवते मी. जावई आले तरी ती झाकण उघडत नाही.