तुम्ही पुढे जा ना

रविवार, रात्री उशिरा

पुणे-महाबळेश्वर सायकल राइड संपली, सोबतची सपोर्टची गाडी मी चालवत होते. सगळे घरी पोचल्याचे मेसेज आले. फोटो अजून येताहेत. हा, म्हणजे नवरा, केव्हाच घोरायला लागला. डिकीत पंप, न लागलेल्या ट्यूबा, खजुराचा जवळजवळ भरलेला डबा, मीठ लावलेल्या बटाट्यांचं ते पातेलं, सगळं तसंच पडलंय. उद्या उपसेन. आत्ता झोप येत नाही आणि कारण इतकं किरकोळ आहे की कुणाला सांगायचीही लाज वाटावी.

काल पसरणी घाटात ग्रुपमधली ती नवीन पोरगी म्हणाली, "काकू, तुम्ही पुढे जा ना. तुम्ही दिसलात की बसावंसं वाटतं."

बस, एवढंच. चिडून नाही म्हणाली. चेहरा लालबुंद, गिअर सगळ्यात हलका टाकलेला, तरी पेडल कसंबसं फिरत होतं. मी शेजारून जाताना काच खाली करून विचारलं होतं, बसतेस का जरा वेळ? त्यावर हे. आणि काकू म्हणाली याचा मला राग नाही. (आहे.)

वाई ते पाचगणी जेमतेम बारा किलोमीटर, पण त्यात सहाशेएक मीटर वर जायचं. पुण्याहून तिथवर येईपर्यंत नव्वदेक किलोमीटर झालेले असतात, आधी कात्रज, मग खंबाटकी. खंबाटकीचा जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. साताऱ्याकडे जाताना आमच्या सायकली घाटच चढतात. त्यामुळे वाईला पोचतानाच पायांचा निम्मा जीव गेलेला असतो. सरासरी पाच टक्के चढ, कागदावर काहीच नाही. जानेवारी असली तरी बाराच्या उन्हात, शनिवारच्या पर्यटकांच्या गाड्या मागून हॉर्न वाजवत असताना तो पाच टक्के कसा लागतो, हे मला कुणी सांगायची गरज नाही. गुडघ्याचं ते होण्याआधी मीही तिथून गेलेय. म्हणूनच तर विचारलं ना. उगाच नाही विचारलं.

की उगाचच?

घाटात कुणाच्या मागेमागे रांगत राहता येत नाही. मागून एसटी आली की तिला वळणावर अख्खा रस्ता लागतो, तेव्हा तुमचा सपोर्ट गेला खड्ड्यात. पुढे जायचं, रुंद जागा बघून डावीकडे लावायची, पार्किंग लाइट चालू, शेवटची सायकल जाईपर्यंत थांबायचं, डोकी मोजायची, पुन्हा पुढे. हे मला चांगलं जमतं. कुणाला नुसतं पाणी हवंय, कुणाच्या पोटरीत आता गोळा येणार, हे मी लांबून, पेडल मारण्यावरून सांगते. ग्रुपमधल्या डॉक्टरांना काल इलेक्ट्रॉल त्यांनी मागायच्या आत दिलं. मग तिच्याच बाबतीत प्रत्येक वळणावर थांबायचं, काच खाली करायची, तोच प्रश्न विचारायचा, हे कुठून आलं?

नवीन आहे, दमली होती, काळजी वाटली. काल रात्री महाबळेश्वरला स्वतःला हेच सांगून झोपले. आज परत येताना ते पटेना. उतारावर सायकली माझ्याही पुढे, मला काही काम नव्हतं, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ. मागची सीट मी शुक्रवारीच रिकामी करून ठेवली होती. टॉवेल पसरला होता, घामाने कव्हर खराब होऊ नये म्हणून. उशीसुद्धा ठेवली होती. आणि वाई सोडल्यापासून मला वाटत होतं, कुणीतरी बसावं. तिला त्रास व्हावा असं नाही, तसं मुळीच नाही. पण चौदा जण आपापल्या पायांनी वर पोचले, तर मी गाडी घेऊन आले कशाला? केळी वाटायला?

पाचगणीच्या टेबललँडच्या फोटोत मी नाही. साहजिक आहे, फोटो मीच काढत होते. तिथून खाली वाई, तिकडे धोम धरणाचं पाणी, एवढं लख्ख दिसत होतं की सगळे दोन मिनिटं गप्प होते, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले, कोणत्या वळणावर कोणाला काय झालं. मला त्या प्रत्येक वळणावर कुठे सावली आहे ते माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही. माझी सायकल बाल्कनीत आहे. हा म्हणतो, विकून टाकू, कपडे वाळत घालायला जागा होईल. तो विषय आज नको.

बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचा, नियम मला नेहमी दुष्टपणाचा वाटायचा. सपोर्टची गाडी असेल तर ती फक्त कंट्रोलवर, म्हणजे हजेरीच्या ठरलेल्या ठिकाणी भेटणार, मधल्या रस्त्यात नाही. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास, पंक्चर झालं तरी आपलं आपण. थोडं हवापाणी दिलं तर काय बिघडतं, असा वाद मी याच्याशी कितीदा घातलाय. तेव्हा हा मला टूर द फ्रान्समधल्या त्या गाडीचं सांगतो. १९१० साली, शर्यत पहिल्यांदा पिरेनीजच्या मोठ्या घाटांत गेली, तेव्हापासून सगळ्यांच्या मागून एक गाडी येते, ज्यांचं संपलं त्यांना उचलायला. तिला पुढे कित्येक वर्षं खराखुरा झाडू बांधलेला असायचा. त्या गाडीत बसायची वेळ येऊ नये म्हणून लोक जिवाच्या आकांताने पेडल मारतात म्हणे.

काल मी नेमकी तीच गाडी घेऊन त्या पोरीच्या कानाशी फिरत होते. वर उशी आणि टॉवेल.

तर गेले पुढे. मुकाट्याने. वरच्या अंगाला एका रुंद वळणावर लावली, समोर पांडवगड बघत कठड्यापाशी उभी राहिले, स्वतःची कीव करत. मागची काच उघडी राहिली हे लक्षात आलं ते डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आल्यावर. मागच्या सीटवर, मी पसरलेल्या टॉवेलावर, एक भलंमोठं माकड व्यवस्थित बसून केळी सोलत होतं. दोन दिवसांत माझ्या मागच्या सीटवर बसलेला एकमेव जीव. मी पंप उगारला तर ते दात विचकून माझ्याकडे बघतच राहिलं, जणू मीच आगाऊपणा करतेय. तेवढ्यात खालून ती आली. डुलत, पण आली. बघितलं, पाय टेकवला, हँडलवर डोकं ठेवून हसत सुटली आणि धापा टाकत म्हणाली, "बसलं वाटतं कुणीतरी!"

माकड गेलं ते केळ्यांचा फणा घेऊनच. ती पाणी प्यायली, तोंडावर मारलं आणि निघाली. मी काही विचारलं नाही. हे सांगायला सोपं आहे, तोंडावर आलेलं गिळावं लागलं.

आत्ताच ग्रुपवर आलं, पुढच्या महिन्यात ताम्हिणी, गाडी कोण आणतंय? हा झोपेत आहे तोवर मी 'मी' लिहून टाकलं. खाली जरा तोऱ्यातच लिहिलं, घाट संपतो तिथे थांबेन, चहा तयार असेल, मध्ये कुणालाही दिसणार नाही.

दोन मिनिटांत तिचं उत्तर. "अगदीच नको हं काकू, मध्ये एकदा तरी दिसा."

मग कितव्या वळणावर दिसायचं, तेही आत्ताच सांगून ठेव बाई.