उंची मोजायची टेप
सांगलीत नाइट संपवून आत्ता घरी टेकले. रात्री एक गडी व्हेंटिलेटरवर घेतला, वजन ९२ किलो. त्याचा भाऊ म्हणतो, "सिस्टर, एवढ्या अंगाला हवा जरा जास्त सोडा की!" डॉक्टरांनी मात्र टेप मागितली. उंची १६५ सेंमी. माणूस अंगाने सुटला तरी फुफ्फुसं तेवढीच राहतात ना! उंचीवरून धरायचं वजन साडेएकसष्ट किलो, किलोला ६ मिली, म्हणजे श्वासाला ३७० च्या आसपास. सुजलेलं फुफ्फुस जास्त ताणलं तर मशीनच इजा करतं. २००० सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात १२ मिलीवाले जवळपास ४० टक्के दगावले, ६ वाले ३१. पहाटे प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास भरून थांबवल्यावर फुफ्फुसात राहणारा दाब, आटोक्यात, २६ दिसलं, तेव्हा कुठे चहाची आठवण झाली. गार झाला होता.