९ व्होल्टचा रेग्युलेटर का सुटत होता, ते अखेर सापडलं

आज लो-पास फिल्टरच्या कॉइल्सबद्दल लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या खेपेला. माझ्या हॅम रेडिओ सेटमधल्या रेग्युलेटरचा (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या पार्टचा) छडा लागलाय, आणि मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलेली एक गोष्ट मागे घ्यायची आहे. लेड-फ्री (शिसं नसलेल्या) पार्टला शिशाचं सोल्डर लावलं म्हणून जॉइंट जातोय, असं मी म्हटलं होतं. ते चूक होतं.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, हाच ४० मीटर बँडचा सेट डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) तास तास चालला होता. पाडव्यानंतर रोग सुरू झाला. ट्रान्समिटला पंधरा मिनिटं झाली की ९ व्होल्टची लाइन पडायची, गार झालं की परत यायची. दोनदा आयर्न फिरवून जॉइंट ताजे केले. भिंगातून बघितलं तर एकदम चकचकीत, ड्राय सोल्डरचं (नीट न धरलेल्या जॉइंटचं) चिन्ह नाही. तरी दोन दिवसांनी तेच. कूलर चालू असला की मात्र सेट धड चालायचा. याच खुणेकडे मी आधी लक्ष द्यायला हवं होतं.

रविवारी दुपारी लाइट गेली. कूलर बंद, खोलीत ४३ अंश, सेट बॅटरीवर. दहाव्या मिनिटाला लाइन पडली. लगेच रेग्युलेटरच्या टॅबला (बोर्डाला सोल्डर होणाऱ्या धातूच्या पट्टीला) थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, लावलं: १०१ अंश. १३ व्होल्टातून ९ काढायचे, करंट ३०० मिलिअँपिअर, म्हणजे सव्वा वॅट बोर्डावरच्या त्या एवढ्याशा तांब्यावर. इथवर हिशेब बरोबर. मग टूथपिकनं पार्ट हलकेच ढकलला, आणि तो सरकला!

६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) वितळतं १८३ अंशांना. लेड-फ्रीचं नेहमीचं कथील-चांदी-तांब्याचं मिश्रण तर २१७ च्या पुढे. मग १०१ अंशांना काय पातळ होतंय?

रात्री जुन्या नोंदी चाळताना उत्तर सापडलं. हा रेग्युलेटर भंगारातल्या सेट-टॉप बॉक्सच्या बोर्डावरून काढलेला. बोर्ड लेड-फ्री, टॅब निघता निघेना, म्हणून मी पार्ट काढायची ती कमी तापमानाला वितळणारी तार वापरली होती. त्या तारेत बिस्मथ हा धातू असतो. नंतर टॅब विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीदार पट्टीनं) पुसला, पण वरवर. उरलेल्या बिस्मथवर शिशाचं सोल्डर चढवलं. बिस्मथ, शिसं आणि कथील मिळून जे युटेक्टिक, म्हणजे सर्वांत कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, होतं (५२, ३२ आणि १६ टक्के) ते ९६ अंशांना वितळतं. प्रमाण नेमकं तेवढंच असावं लागत नाही. थोडं बिस्मथ असलं तरी कणांच्या मधला तेवढा भाग पातळ होतो आणि जॉइंटची पकड जाते. जानेवारीत खोली २६ अंशांची, म्हणजे टॅब ८४-८५ च्या आसपास. तेव्हा काहीच बिघडलं नाही. उन्हाळ्यानं ती ९६ ची रेघ ओलांडली.

पण अंदाजावर सोडायचं नव्हतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणजे इथं पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. ९६ च्या जेमतेम वर! एका रिकाम्या डब्यात (स्वयंपाकाचं भांडं अजिबात नको, शिसं आहे) पाणी उकळत ठेवून जॉइंटवरून खरवडलेला गोळा आणि शुद्ध ६३/३७ चा गोळा सोडला. सुई टोचली. शुद्ध गोळा दगडासारखा. दुसरा ओल्या वाळूसारखा भुगा झाला. तो बघितल्यावर मला किती आनंद झाला, ते तीन आठवडे एकाच जॉइंटमागे लागलेल्यालाच कळेल.

मग सफाई. उलट्या इस्त्रीवर बोर्ड गरम करून पॅडवर नवं ६३/३७ भरपूर ओतायचं, विकनं उचलायचं, पुन्हा ओतायचं. टॅबलाही तेच. प्रत्येक वेळचं उचललेलं सोल्डर उकळत्या पाण्यात तपासलं. पहिल्या खेपेचं मऊ, दुसऱ्याचं किंचित मऊ, तिसऱ्याचं घट्ट. चौथी खेप समाधानासाठी. काल भर दुपारी कूलर बंद ठेवून चाळीस मिनिटं ट्रान्समिटची की दाबून धरली. टॅब १०२ अंश, लाइन पक्की.

तेव्हा लेड-फ्री पार्टला उगाच घाबरू नका. पायांवर बहुधा साध्या कथिलाचा पातळ थर असतो, तो ६३/३७ मध्ये मुकाट मिसळतो. बीजीएची (पायांऐवजी खाली सोल्डरचे गोळे असलेल्या चिपची) गोष्ट वेगळी. त्याचे गोळे २१७ च्या पुढे नेले नाहीत तर ते वितळतच नाहीत, नुसते पेस्टवर टेकून राहतात.

सोल्डरचं सांगायचं तर इथल्या दुकानात ६३/३७ मागितलं की ‘एकच आहे हो’ म्हणत ६०/४० हातात देतात. एकच नाही. ६०/४० गोठताना काही अंश लापशीसारखं राहतं, तेवढ्यात हात हलला की जॉइंट गेला. मी आता हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो की तपकीर गल्लीतून आणतो. विकसुद्धा तिथूनच, फ्लक्स लावलेलीच घ्या.

सेट परत डब्यात बसवणार होतो, पण हे लिहिता लिहिता आठवलं: ड्रायव्हरचा ट्रान्झिस्टरही त्याच बोर्डावरून त्याच तारेनं काढलाय, आणि तो पीएच्या (पॉवर अँप्लिफायरच्या) हीटसिंकला खेटून आहे. म्हणजे डबा आज बंद होत नाही. शिवाय रेग्युलेटरच टीओ-२२० (स्क्रूनं पत्र्याला कसता येणाऱ्या आकाराचा) घेऊन मागच्या पत्र्याला का लावू नये? बक कन्व्हर्टर (स्विचिंगनं व्होल्टेज उतरवणारा) नको, रिसीव्हरमध्ये त्याची शिट्टी ऐकायची नाही मला. आधी ड्रायव्हर उतरवतो. पाणी ठेवलंय उकळायला.