कण्या

तान्हा पोळा, रात्र

पोळ्यासाठी काल माहेरी आले. दारव्हा सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन नाहीतर पऱ्हाटी, मधूनमधून तुरीची तासं. ज्वारीचं एखादं वावर दिसेल म्हणून गावाची शीव येईपर्यंत खिडकीतून पाहत होते. दिसलं नाही.

ज्वारी शोधत होते ती अंबाडीच्या भाजीपायी. आई ती ज्वारीच्या कण्या घालून करायची. तिला जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी दर पावसाळ्यात करून पाहते आणि ती चव येत नाही. डाळ दाताखाली येते, भाजी आंबटढाण होते, ताटात पाणी वेगळं धावतं. आईनं लिहून काहीच ठेवलं नाही, आणि ती होती तोवर मीही विचारलं नाही. हे मला फार लागतं.

आज सकाळी मोठीआईजवळ हे बोलले. ती ऐंशीच्या पुढची आहे, पण चुलीपुढचा पाट अजून तिचाच. तिनं एवढंच विचारलं, "डाळ अन् अंबाडी एकाच गंजात टाकते काय व तू?"

मी हो म्हटलं.

"मंग आंबटात डाळ शिजते काय कधी!"

बारा वर्षं माझं नेमकं इथेच चुकत होतं. मग तिनं मला शेजारी बसवून भाजी केली. मूठभर तुरीची डाळ आणि अर्धी वाटी कण्या साध्या पाण्यात, डाळ पार फुटेपर्यंत. वाडीतला कोवळा पाला दुसऱ्या गंजात उकडला आणि त्याचं पाणी काढून टाकलं, पण पाला कोरडा पिळला नाही. "थोडं आंबट राहू दे, नाहीतर ते अंबाडी कायची?" दोन्ही एकत्र करून तिनं घोटायला घेतलं. हात दुखला की थांबायची, पदरानं कपाळ पुसायची, पुन्हा घोटायची. शेवटी मीठ आणि सुपारीएवढा गूळ.

फोडणी भाजीत घातलीच नाही. ताटात वाढल्यावर मधोमध बोटांनी आळं केलं आणि लालसर झालेला लसूण, सुकी मिरची तेलासकट त्यात ओतली. पूर्वी हे तेल जवसाचं असायचं, घाणीवरचं. आज घरात सोयाबीनचंच होतं. तरी पहिल्या घासाला मला बोलता येईना. मोठीआई काही म्हणाली नाही, नुसती भाकर पुढे सरकवली.

कण्यांचं मी वेगळं विचारलं, कारण दुकानात तांदळाच्या मिळतात, ज्वारीच्या मला कधी दिसल्या नाहीत. ती म्हणाली, त्या वेगळ्या करायच्याच नसत. जात्यावर दळलं की चाळणीखाली पीठ, चाळणीवर कण्या. गिरणी आली, पीठ बारीक झालं, वरती काही उरेना. आजच्या तिनं मुद्दाम जातं मांडून काढल्या होत्या. आणि ज्वारीच्या वावरातच अंबाडीची तासं असायची. पाला भाजीला, लाल बोंडं चटणीला, खोड सडवून वाख निघायचा, त्याचे दोर वळायचे. ज्वारी गेली, तिच्यासोबत अंबाडीही वावरातून उठली.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून पाळलं. त्या वर्षी शहरात ज्वारीचं कौतुक चाललं होतं आणि इथे भाऊ सांगत होता की गावात एकट्यानं ज्वारी पेरली तर सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याच वावरात उतरतात, वरून रानडुकरं. त्याचं खोटं नाही. सोयाबीनचे पैसे हातात येतात, म्हणून लोक तेच पेरतात. तरीही मला वाईट वाटतं, आणि ते त्याला समोर बोलून दाखवलं.

निघताना मोठीआईनं जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं अंबाडीचं बी दिलं, मागच्या साली वाडीत धरलेलं. "राखेत ठेवजो, कीड नाही लागत." आत्ता चुलीतली राख थंड करून चाळली आणि बी डब्यात भरलं. भाऊ दारातून पाहत होता. मग म्हणाला, "पुढच्या मृगात धुऱ्याकडची दोन तासं सोडतो. ज्वारीचं बी मात्र तुलेच पाहा लागंल."

उद्या सकाळी पुन्हा मोठीआईकडे जाते.